मदत हवी आहे: सोशल अँग्झायटीची गोळी सुरू केल्यावर होणारा त्रास

नमस्कार. माझा धाकटा भाऊ सदाशिव पेठेत राहून एमपीएससीची तयारी करतोय. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याला दरदरून घाम फुटतो. मेसमध्ये जास्तीची पोळीसुद्धा मागत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी गेल्या आठवड्यात एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅम सुरू केलंय, पुढे १० करणार आहेत. तेव्हापासून मळमळ, सारख्या जांभया आणि रात्री झोपेचं खोबरं. जीव उलट जास्तच घाबरा होतो म्हणतो. पहिले एक-दोन आठवडे असं होऊ शकतं, गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात, गोळी मनाने बंद करायची नाही, आणि भलतेसलते विचार आले तर लगेच फोन करा, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ते पटलंय. पण दोन घास खाऊन ताट सारणारा भाऊ बघवत नाही हो.

ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी कृपया सांगा: नाश्त्यानंतर गोळी घेऊन मळमळ कमी झाली का? रात्रीऐवजी सकाळी घेतल्यावर झोप सुधारली का? (वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलू.) चहा कमी केल्याने धडधडीत फरक पडला? अभ्यासिकेत जाणं चालू ठेवलंत का? फक्त ‘सवय लागेल, सोडून दे’ असं कुणी सांगू नका. घरची मंडळी रोज तेच ऐकवताहेत.