गारांनी पन्हळ तुंबू नये म्हणून काय करावे?

प्रश्न: आमचे घर औसा तालुक्यात असून दोन उतरत्या पत्र्यांच्या मधोमध पन्हळ आहे. मार्चमधील गारपिटीत गारा आणि कडुनिंबाचा पाला यांचा थर साचून पाइपचे तोंड बंद झाले, आणि मागून आलेले पाणी सांध्यातून थेट ज्वारीच्या पोत्यांवर उतरले. २०१४ सारखी गारपीट पुन्हा झाली तर काय करावे?

उत्तर १: खरा दोषी पाला आहे. गारा तासाभरात विरघळतात, पाला मात्र तसाच बसून राहतो. कडुनिंबाची पानगळ नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये होत असल्याने त्या काळात दर आठवड्याला पन्हळ झाडावी. पाइपच्या तोंडावर सपाट जाळी असेल तर तिच्यावर गारा झाकणासारख्या बसतात. त्याऐवजी घुमटाकार जाळी बसवावी.

उत्तर २: पाइप ११० मिलिमीटरचा असावा आणि पन्हळीला मीटरमागे किमान ५ मिलिमीटर उतार द्यावा. शिवाय पन्हळीच्या टोकाला, पत्र्याच्या कडेपेक्षा दोन बोटे खाली, बाहेर पाणी फेकणारे तोंड ठेवावे, म्हणजे पाइप तुंबला तरी पाणी घरात न येता अंगणात पडेल. आमच्या गवंड्याने ते वरच्या बाजूला ठेवले होते, त्याचा उपयोग शून्य.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमची जाळी सपाटच निघाली.