मदत हवी आहे: अमेरिकी रिअ‍ॅलिटी शोमधली दक्षिणेतली खेडवळ कुटुंबं

माध्यम अभ्यासाच्या एम.ए.साठी निबंध लिहितेय. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रामीण कुटुंबांवर टीव्हीने मारलेला 'गावंढळ' हा शिक्का कितपत खरा, हा विषय.

दोन मालिका घेतल्यात. 'हिअर कम्स हनी बू बू' (टीएलसी, २०१२-१४) जॉर्जियातल्या मॅकिन्टायर गावची. माणसं इंग्रजीच बोलतात, तरी खाली इंग्रजी सबटायटल्स! हसायचं कुणावर, हे वाहिनीनेच ठरवून टाकलेलं. लुइझियानातली 'डक डायनॅस्टी' (ए अँड ई, २०१२-१७) मात्र मला गोंधळात टाकते. लांब दाढ्या, शिकारीचे कपडे, पण कुटुंब बदकांना बोलावायच्या शिट्ट्या विकून गबर झालेलं आणि थोरले फिल रॉबर्टसन शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर. म्हणजे इथे अडाणीपणाचं दुकान त्यांनीच थाटलंय की काय?

सीबीएस वाहिनीने अशाच एका रिअ‍ॅलिटी शोसाठी खेड्यातलं कुटुंब बेव्हर्ली हिल्स या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यात ठेवायचा घाट घातला होता. केंटकीतल्या सेंटर फॉर रूरल स्ट्रॅटेजीजने रान उठवलं आणि तो बारगळला. ते प्रकरण वाचून झालंय, तेव्हा तेच पुन्हा सुचवू नका.

दोन्ही कुटुंबं गोरी आहेत, त्यामुळे भर सामाजिक-आर्थिक वर्गावर आहे. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं चित्रण हा वेगळा, मोठा विषय. आपल्याकडच्या मालिकांशी तुलना गाइडना नकोय. पैसे भरून वाचायची जर्नल्स परवडत नाहीत.

तर संकलकाने केलेली थट्टा आणि कुटुंबाने समजून-उमजून वठवलेलं सोंग, हे नुसता एपिसोड बघून वेगळं कसं काढायचं? कुणी असं दृश्य-विश्लेषण केलं असेल तर सुरुवात कशापासून केलीत?