दिग्दर्शकांच्या घरातल्या डीव्हीडी-कॅसेटच्या कपाटावरून माणूस कळतो का?

अर्धवट_प्रेक्षक

गेले पंधरा दिवस क्रायटेरियन या निवडक सिनेमांच्या डिस्क काढणाऱ्या कंपनीच्या क्लोजेटवाल्या व्हिडिओंचं व्यसन लागलंय. ज्यांनी बघितले नसतील त्यांच्यासाठी, न्यूयॉर्कमध्ये या कंपनीच्या ऑफिसात एक कोठीएवढी खोली आहे, भिंतभर त्यांनी काढलेल्या डिस्क रचलेल्या, एखादा दिग्दर्शक नाहीतर नट आत शिरतो, हवं ते पिशवीत भरतो आणि एकेक डिस्क हातात घेऊन दोन शब्द बोलतो. आधी जाम मजा आली, पण दहा-बारा सलग बघितल्यावर वाटायला लागलं की अरे हे तर दाखवायचे दात आहेत. तेच ते थोर दिग्दर्शक, कुरोसावा, बर्गमन, फेलिनी, परत कुरोसावा. कॅमेरा चालू असताना कोण कशाला सांगेल की ताप आला की मी पडल्या पडल्या फालतू हाणामारीचे सिनेमे लावतो म्हणून.

तर प्रश्न असा, या लोकांच्या स्वतःच्या घरात जे कपाट असतं, कॅसेट, लेझरडिस्क (डीव्हीडीच्या आधीची थाळीएवढी डिस्क), डीव्हीडी जे काय असेल ते, त्यावरून त्यांच्याबद्दल खरंच काही कळतं का? की तेही दिवाणखान्यातल्या पुस्तकांसारखंच, आल्यागेल्याला दिसावं म्हणून?

टेप_अडकली

'पल्प फिक्शन'वाल्या टॅरॅन्टिनोचं घ्या. कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचला व्हिडिओ आर्काइव्ह्ज नावाच्या कॅसेट लायब्ररीत तो काउंटरवर कामाला होता हे सगळ्यांनाच माहितीये, पण पुढचा भाग जास्त भारी आहे. नव्वदच्या दशकात ते दुकान बंद झालं तेव्हा याने त्यातला माल विकत घेतला आणि घरी पुन्हा मांडून ठेवला. 2022 मध्ये तेव्हाचाच त्याचा सहकारी रॉजर अ‍ॅव्हरी याच्याबरोबर पॉडकास्ट सुरू केला, तोही त्याच कॅसेट बघून.

आता गंमत अशी की ही निवड त्याच्या एकट्याची नाहीच. दुकानाचा स्टॉक म्हणजे गिऱ्हाईक जे मागेल ते, त्यात चांगलं-वाईट सगळं आलं. त्यातलं फक्त आवडीचं उचलायची सोय असताना गडी सरसकट घेऊन आला. याला सिनेमांचा संग्रह म्हणायचं की तरुणपण खोक्यांत भरून घरी आणणं म्हणायचं, तुम्हीच ठरवा. मला तरी त्याच्या कुठल्याही मुलाखतीपेक्षा ही एक गोष्ट जास्त बोलकी वाटते.

निळा_पडदा

मग 'टॅक्सी ड्रायव्हर'वाला दिग्दर्शक स्कॉर्सेसी सोडून कसं चालेल. त्याच्याकडे टीव्हीवरून रेकॉर्ड करून घेतलेल्या व्हीएचएस कॅसेट होत्या, एकदोन नाही, 4,000 हून जास्त, आणि हे काम करायला माणूस ठेवलेला. आता तो सगळा ढीग कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डरच्या संग्रहात आहे.

मला यातला विरोधाभास फार आवडतो. हाच माणूस 1980 च्या सुमारास रंगीत फिल्मचे रंग उडतात म्हणून फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या मागे लागला होता, सह्या गोळा केल्या, 1990 मध्ये जुने सिनेमे वाचवायला द फिल्म फाउंडेशन काढलं, म्हणजे प्रिंटमधल्या लाल रंगाची छटा इकडची तिकडे झालेली खपत नाही असा माणूस. आणि घरी काय, तर टीव्हीवरून उतरवलेली मुंग्या-मुंग्यांची व्हीएचएस! पण विचार केला तर त्यात चुकीचं काहीच नाही, तेव्हा अर्धे सिनेमे रात्री-अपरात्री टीव्हीवर लागायचे तेवढेच, विकत मिळायचेच नाहीत, आत्ता पकडलं नाही तर परत कधी दिसेल देव जाणे. ही भूक आहे हो, रसिकता नंतरची. असला माणूस क्लोजेटमध्ये सोडला तर पिशवी नाही, ट्रक मागवेल.

सोनचाफा

मी थोडी उलट बाजू मांडते. कपाटातलं निम्मं सामान आपण होऊन आलेलं असतं. भेट म्हणून आलेल्या डिस्क, कंपन्यांनी पाठवलेल्या, ऑस्करसारख्या पुरस्काराच्या मतदारांना सिनेमा बघायला यायच्या त्या डिस्क, म्हणजे स्क्रीनर (अ‍ॅकॅडमीने 2021 पासून डिस्क बंद केल्या, पण आधीच्या वीसेक वर्षांचे गठ्ठे कुठेतरी असतीलच की). कोणी आलेलं परत करत नाही आणि टाकवतही नाही. त्यावरून स्वभाव काढायचा म्हणजे लग्नात आलेल्या आहेरावरून नवरा-बायकोची आवडनिवड सांगण्यासारखं आहे.

काय जमवलं यापेक्षा काय बघितलं हे विचारा. 'ओशन्स इलेव्हन'चा दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग दर जानेवारीत आपल्या साइटवर गेल्या वर्षात काय काय बघितलं-वाचलं याची तारीखवार यादी टाकतो. त्यात सगळं सरमिसळ, जुना क्लासिक आणि टीव्हीवरचा रिअ‍ॅलिटी शो एकाखाली एक. आणि मधेच त्याचा स्वतःचा सिनेमा परत परत येतो, म्हणजे समजायचं की एडिटिंग चालू होतं. ती यादी वाचताना मला खरंच कोणाच्या तरी घरात डोकावल्यासारखं वाटतं, कपाटांचे फोटो बघून नाही वाटत.

कट_टू_कट

सोनचाफा, आहेराचा मुद्दा पटला, पण कपाट नुसतं लांबून न बघता त्यातली कॅसेट काढून बघितली तर काय काय सापडतं ते सांगतो. मी काही वर्षांपूर्वी एका दिग्दर्शकाकडे (नाव नको) असिस्टंट होतो आणि शूटिंग नसताना त्यांच्या जुन्या व्हीएचएस डिजिटल करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दोनेकशे कॅसेट. वरच्या फळीवर जगातल्या थोर मंडळींचे बॉक्स सेट, बहुतेकांचं प्लास्टिक पण फाडलेलं नव्हतं. खालच्या फळीवर या कॅसेट आणि प्रत्येकीच्या लेबलवर सिनेमाच्या नावाखाली बारीक अक्षरात आकडे. "1873 दार". "0642 ट्रे". मला वाटलं मिनिट-सेकंद असतील, पण काही केल्या जुळेना. मग डोक्यात प्रकाश पडला, जुन्या व्हीसीआरचा काउंटर वेळ मोजायचाच नाही, रीळ किती फिरलं ते मोजायचा, आणि तेही कॅसेट सुरुवातीला नेऊन शून्य केलं असेल तरच. म्हणजे ते आकडे फक्त त्यांच्या त्याच मशीनवर खरे, बाहेर कुठेही शून्य किंमत.

"ट्रे"वाला सिनेमा एक तद्दन गल्लाभरू कॉमेडी होता, मी कधी नावही ऐकलं नव्हतं. त्यात एक बाई ट्रे घेऊन जिना उतरते, पंधरा-वीस सेकंदांचा शॉट, बाकी काही घडत नाही. बरोब्बर तिथेच टेप झिजलेली, पडद्यावर आडव्या पांढऱ्या रेघा, कारण तेवढाच तुकडा मागे नेऊन नेऊन, पॉज करून करून बघितलेला. आणि त्यांच्या सिनेमात माणसं जिन्यावरून हातात काहीतरी घेऊन उतरतात. सारखी. मी ते सिनेमे चार-चार वेळा बघितलेत, कधी लक्षात आलं नव्हतं. मुलाखतीत मात्र नाव कायम वरच्या फळीचं.

टेप_अडकली

बाबो. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

निळा_पडदा

कट_टू_कट, यावरून आठवलं, 'पॅरासाइट'वाला कोरियन दिग्दर्शक बाँग जून हो कॉलेजच्या वयात एका फिल्म क्लबात होता, यलो डोअर नाव, त्यावर 2023 मध्ये डॉक्युमेंटरी पण आली. क्लबच्या कॅसेट सांभाळायचं काम त्याच्याकडे. कॉपीवरून कॉपी केलेल्या कॅसेट, चित्र धूसर, पण त्याच पुढेमागे करून सीन कसा बांधलाय ते शोधायचे. आणि अमेरिकन दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन तर सांगतो की लेझरडिस्कवरची जुन्या पिढीतला दिग्दर्शक जॉन स्टर्जेसची कॉमेंटरी, म्हणजे सिनेमा चालू असताना तो त्यावर जे बोलतो ते, ऐकून जे शिकायला मिळतं ते फिल्म स्कूलच्या कित्येक वर्षांत मिळणार नाही. म्हणजे यांच्यासाठी कपाट म्हणजे हत्यारांची पेटीच की. सुताराच्या घरी रंधा बघून कोणी म्हणत नाही, वा काय संग्रह आहे.

सोनचाफा

रंध्याचं मान्य. आहेराबद्दल मात्र मी ठाम आहे, वरच्या फळीनेच सिद्ध केलंय.

अर्धवट_प्रेक्षक

सगळ्यांचे आभार, आत्ताच स्वतःचं कपाट उघडून बघितलं, अकरा डिस्क सीलबंद निघाल्या, त्यातल्या चार कुरोसावा, त्यामुळे क्लोजेटवाल्यांना नावं ठेवायचं बंद. कट_टू_कट, त्या कॅसेटचं पुढे काय झालं? डिजिटल झाल्यावर टाकून दिल्या का?

कट_टू_कट

छे हो. हार्ड डिस्क दिली, त्यांनी दोन दिवस बघितली आणि फोन करून कॅसेट परत मागवल्या. म्हणाले, यात 0642 कुठे येतं ते कळत नाही.