जहाजावरचं 'अ‍ॅडव्हेंचर' म्हणजे साहस? आणि सुपरकार्गोला काय म्हणायचं?

दप्तरदार
एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या सेलम बंदरावरचा लेख मराठीत आणतो आहे. मॅसॅच्युसेट्समधलं हे गाव 1790 च्या शिरगणतीत जेमतेम 8 हजार वस्तीचं, पण तिथली जहाजं मुंबई, सुरत, कलकत्ता, कँटन, सुमात्रा असा पल्ला मारायची. दोन शब्दांवर गाडं अडलंय.

पहिला, अ‍ॅडव्हेंचर. जहाज पूर्वेला निघालं की मालकांखेरीज गावातली इतर माणसंही कप्तानाकडे थोडे स्पॅनिश डॉलर द्यायची. तिकडे माल घ्या, इकडे आणून विका, तुमचं कमिशन कापा, उरेल ते आमचं. जहाज बुडालं तर पैसेही बुडाले. या पैशाला, आणि त्यातून घेतलेल्या मालाला, अ‍ॅडव्हेंचर म्हणत. मी 'साहस' लिहिलं. संपादकबाईंचा शेरा आला : "एका विधवेने कप्तानाजवळ आपले साहस दिले, हे कोणत्या भाषेत?" माझं म्हणणं, व्हेंचर कॅपिटलला आपण 'साहसी भांडवल' म्हणतोच ना? मग इथे काय बिघडलं?

दुसरा, सुपरकार्गो. जहाज हाकणं कप्तानाचं काम, तर माल विकणं, नवा घेणं, भाव ठरवणं, हिशेब ठेवणं हे या माणसाचं. बऱ्याचदा मालकाचा मुलगा किंवा पुतण्या. कधी कधी दोन्ही कामं कप्तानच करायचा. याला 'माल-अधिकारी' म्हणू का?

अक्षरशत्रू
माल-अधिकारी नको. गोदामात बसलेला, कानाला पेन्सिल लावलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. सरळ 'सुपरकार्गो' ठेवा. कप्तान ठेवलात ना? कार्गोही सगळ्यांना कळतं.

शुद्धमती
सगळंच ठेवायचं तर भाषांतर कशाला? संस्कृतात धातू आहेत, उपसर्ग आहेत. 'अधिभारी' हा नेटका शब्द होतो. भार म्हणजे माल, त्यावरचा तो अधिभारी.

अक्षरशत्रू
अधिभार माझ्या वीजबिलात असतो, मॅडम. त्यावरचा तो अधिभारी म्हटलं तर वायरमन दारात उभा राहील.

शुद्धमती
शब्द रुळायला वेळ लागतो. 'महापौर' आणि 'दिनांक' हेही एकेकाळी हास्यास्पद वाटले होते.

बंदरपाखाडी
सुपरकार्गो हा स्पॅनिश सोब्रेकार्गोवरून आलाय, म्हणजे 'मालावरचा'. त्यामुळे अधिभारी शब्दशः बरोबर आहे, पण शब्दशः बरोबर असणं हाच त्याचा दोष आहे. हे काम आपल्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं चालत होतं, तर नावही असणारच. आईन-ए-अकबरीत जहाजावरच्या हुद्द्यांची यादी आहे. नाखुदा, मुअल्लिम, तांडेल, सरहंग, भंडारी, कर्रानी, सुक्कानगीर, खारवे वगैरे. त्यातला कर्रानी हिशेब लिहितो आणि उतारूंना पाणी वाटतो. हाच का तुमचा सुपरकार्गो?

बॉस्टनवासी
कर्रानी नको. सेलमला माझं नेहमी जाणं होतं, पाहुणे आले की न्यावंच लागतं. (सगळ्यांना जिथे चेटकिणी ठरवून बायकामाणसांवर खटले चालले त्या जागा बघायच्या असतात, मी त्यांना धक्क्यावर नेतो. शिव्या खातो.) तिथे 1799 मध्ये ईस्ट इंडिया मरीन सोसायटी निघाली. सभासद व्हायची अट काय? केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडून गेलेला कप्तान किंवा सुपरकार्गो असला पाहिजे. दोघं एका पंगतीत. पाणी वाटणाऱ्या कारकुनाला त्या पंगतीत कोणी बसवलं असतं का?

याच सोसायटीच्या वस्तूंतून आजचं पीबडी एसेक्स संग्रहालय उभं राहिलं. तिथे आपल्या नसरवानजी माणेकजी वाडियांचं चित्र आहे. मुंबईत सेलमच्या कप्तानांचा व्यवहार त्यांच्याकडे असायचा.

ठाणेकरीण
मग 'गुमास्ता' का नको? मालकाच्या वतीने परगावी व्यवहार करणारा. आजोबांच्या पेढीवर गुमास्ते होते, खरेदीला इंदूर-उज्जैनला जायचे. नुसते नोकर नव्हते, त्यांच्या सहीवर हजारोंचा माल उठायचा. जहाजावरचा गुमास्ता म्हटलं की काम आणि हुद्दा दोन्ही कळतात.

अक्षरशत्रू
आज गुमास्ता म्हटलं की लोकांना दुकानाच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं लायसन आठवतं.

ठाणेकरीण
तुम्हाला वीजबिल आठवतं, लायसन आठवतं. तुम्ही सरकारी खात्यात आहात काय हो?

बंदरपाखाडी
गुमास्ता चांगला आहे, पण माझं मत 'नाखुदा'ला. नाखुदा म्हणजे कप्तान असं सगळे धरून चालतात, ते अर्धंच खरं. फारसी नाव + खुदा, म्हणजे जहाजाचा धनी. तो मालक असे किंवा मालकाचा प्रतिनिधी, आणि वाट शोधण्याचं काम मुअल्लिमाचं. कच्छचे 'मालम' ते हेच. म्हणजे सेलमची जोडी जशीच्या तशी : मुअल्लिम म्हणजे कप्तान, नाखुदा म्हणजे सुपरकार्गो.

दप्तरदार
युक्तिवाद मोहक आहे, पण वाचक नाखुदाला कप्तान समजणार आणि कप्तानाला मग कोण समजणार?

हर्णेकर
नाखुदा कशाला, आमच्याकडे नाखवा जिवंत आहे. पण नाखवा म्हणजे होडीचा मालक, आणि तो स्वतः दर्यावर जातो. घरी बसून पैसे लावणाऱ्याला कोणी नाखवा म्हणत नाही. आणि ही नाखुदा-नाखवा व्युत्पत्ती मला पटत नाही. फारसी जहाजं यायच्या आधी आमचे लोक काय बिननावाच्या माणसाबरोबर मासेमारीला जायचे?

बंदरपाखाडी
नाव असेल, ते बदललं. सारंग घ्या. लोक हरणापासून मोरापर्यंत सगळं जोडून दाखवतात, पण जहाजावरचा सारंग म्हणजे फारसी सरहंग, सैन्यातला अंमलदार. सुकाणू अरबी सुक्कानवरून. बंदर फारसी. दर्यासुद्धा फारसी.

हर्णेकर
मग होडी, शीड, डोलकाठी, वल्हं, नांगर? हे पण इराणातून आणलेत का?

खलाशाची नात
माझे आजोबा बोटीवर भंडारी होते. आईन-ए-अकबरीतला भंडारी म्हणजे कोठारवाला, पण आजोबांच्या वेळी बोटीवर भंडारी म्हणजे स्वयंपाकी. सुखाणी, कसब, टोपस हे बोटीवरच्या हुद्द्यांचे सगळे शब्द त्यांच्या तोंडी. अनुवादात हे शब्द आले तर मला आनंदच होईल, पण सेलमचा गोरा पोरगा 'नाखुदा' म्हणून समोर आला तर तो दाढी लावून आल्यासारखा वाटेल.

मला सांगायचं होतं ते पहिल्या शब्दाबद्दल. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही. अ‍ॅडव्हेंचर म्हणजे 'जोखीम'! आजी एस्टीत बसली की म्हणायची, "हळू बोल, जवळ जोखीम आहे." म्हणजे पोटाशी बांधलेले दागिने. धोका आणि ज्याला धोका आहे ती वस्तू, दोन्हीला एकच शब्द. तुमच्या विधवेने कप्तानाकडे आपली जोखीम दिली. बघा बसतंय का.

ठाणेकरीण
वा! "अंगावर एवढी जोखीम घालून लग्नाला जाऊ नकोस" असं आमच्याकडेही म्हणत.

वाणिज्य_पदवीधर
याला पुस्तकी आधारही आहे. बी.कॉम.ला हुंडीचे प्रकार पाठ केले होते : दर्शनी, मुदती, शाहजोग, धनीजोग, आणि 'जोखमी हुंडी'. जोखमी हुंडीत अट अशी की माल सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे. जहाज बुडालं तर हुंडी बुडाली. हुंडी आणि विमा एकाच कागदावर. सेलमच्या व्यवहाराशी याचं नातं आहे.

शुद्धमती
जोखीम मान्य. 'साहस'च्या विरोधात मीही एक मुद्दा देते. कौटिल्याकडे साहस म्हणजे उघडउघड बळजोरीने केलेला गुन्हा. दंडाच्या पायऱ्यांनाही पूर्व, मध्यम, उत्तम साहसदंड म्हणतात. तेव्हा विधवेने साहस केलं तर तिला दंड भरावा लागेल.

दप्तरदार
हे सगळं ठीक, पण जोखीममध्ये नफ्याची आशा नाही. आजी दागिने सांभाळते, वाढवत नाही. सेलमच्या लोकांना माहीत होतं की फेरी साधली तर पैसा कितीतरी पट होतो. जोनाथन कार्न्सचं 'राजा' नावाचं शिडाचं जहाज 1795 मध्ये सुमात्राला गेलं, 1797 मध्ये पोट भरून मिरी घेऊन आलं. नफा 700 टक्के सांगतात. हा चेहरा 'जोखीम'मध्ये दिसत नाही. साहसात निदान उमेद तरी आहे.

हर्णेकर
मग 'पाती' लिहा. पाती म्हणजे भागीदारीतला वाटा, त्यावरून पातीदार. "जहाजात तिची पाती होती."

वाणिज्य_पदवीधर
नाही चालणार. पातीदार जहाजाच्या नफातोट्यात सगळीकडे भागीदार. इथे तिचा वेगळा माल, वेगळा हिशेब. जहाजाने मिरीत लाखो मिळवले तरी तिच्या शालींना गिऱ्हाईक नसेल तर तिचं नुकसानच.

घारापुरीकर
उमेद बिमेद ठीक आहे, पण या व्यापाराची दुसरी बाजू लेखात आहे का? सेलमचा पहिला पैसा पूर्वेचा नव्हता. खारवलेला कॉड मासा. चांगला युरोपला, हलक्या प्रतीचा वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर, गुलामांना खायला. येताना काकवी. 'साहस' लिहिलं की हे सगळं झाकलं जातं, म्हणून मी संपादकबाईंच्या बाजूने.

बॉस्टनवासी
सहमत. आणि मिरवण्याची हौसही बघा. सोसायटीची 1804 मध्ये मिरवणूक निघाली, त्यात पालखी होती आणि ती वाहायला कृष्णवर्णी माणसांना हिंदी पोशाख घालून उभं केलं होतं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

अक्षरशत्रू
पालखी की मेणा? मेणा बंद असतो. पालखी उघडी, वर वाकडा दांडा. अनुवादात हे हमखास चुकतं.

ठाणेकरीण
एवढं वाचून तुम्हाला दांडा आठवला?

बंदरपाखाडी
विषय निघालाच आहे तर, इकडून जाणाऱ्या मालाची नावं मात्र भाषांतरित करू नका, ती आपलीच आहेत. गनी बॅग म्हणजे गोणी. डंगरी म्हणजे आपल्या डोंगरीचं जाडंभरडं कापड. बँडाना म्हणजे बांधणी. हे शब्द परत घरी आणा.

शुद्धमती
गोणी पाणिनीच्या सूत्रात आहे, धान्य भरायचं पोतं याच अर्थाने. दोन हजारांहून जास्त वर्षांचा शब्द आहे, आणि आपण 'गनी बॅग' लिहून बसतो.

हर्णेकर
तेव्हा त्याला पाणिनीने 'अधिपोतं' म्हटलं नाही, हे किती बरं झालं.

दप्तरदार
मंडळी, आणखी एक अडचण. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसनने डिसेंबर 1807 मध्ये एम्बार्गो लावला, अमेरिकन जहाजांनी परदेशी जायचंच नाही. मार्च 1809 पर्यंत सेलमची जहाजं धक्क्याला बांधून. मी 'नाकेबंदी' लिहिलंय.

घारापुरीकर
नाकेबंदी शत्रू करतो, बाहेरून. इथे आपल्याच सरकारने आपल्याच जहाजांना कोंडलं. 'जहाजबंदी' लिहा, जिल्हाबंदीच्या चालीवर.

वाणिज्य_पदवीधर
+1 जहाजबंदी.

दप्तरदार
घेतला. आणि प्रायव्हेटीअर? सेलमचा व्यापारी डर्बी, त्याचं 'ग्रँड टर्क' हे जहाज 1781 मध्ये त्यासाठीच बांधलं, इंग्रजांची व्यापारी जहाजं पकडायला, सरकारी परवान्याने. पुढे तेच व्यापाराला लागलं, 1787 मध्ये कँटनहून चहा घेऊन परतलं. 'परवानाधारी चाचे' कसं वाटतं?

हर्णेकर
चाचे म्हणू नका. कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचेच म्हणत होते. सरखेल होते ते, दस्तक म्हणजे परवाना देऊन जहाजं सोडायचे. दस्तक नसेल तर पकडायचे. याला चाचेगिरी म्हणायचं तर जकातनाक्यालाही म्हणा.

अक्षरशत्रू
सरखेलही फारसी आहे बरं का. सर-खैल.

हर्णेकर
असू दे. पदवी फारसी असली तरी आरमार अलिबागचंच.

घारापुरीकर
कान्होजी राज्याचे आरमारप्रमुख होते, ग्रँड टर्क खासगी मालकाचं. लुटीतला हिस्सा मालकाच्या आणि खलाशांच्या खिशात. दोन्ही एका मापाने मोजू नका. 'सनदी लुटारू' म्हणा फार तर.

हर्णेकर
आणि ईस्ट इंडिया कंपनी खासगी नव्हती? तिलाही सनदच होती. मग तिला काय म्हणणार, तेही लिहा.

शुद्धमती
'सनद' अरबी आहे. 'अधिकारपत्रित' असा…

ठाणेकरीण
नको.

खलाशाची नात
सुपरकार्गोचं काय ठरलं? गुमास्ता पुढे होता ना?

बंदरपाखाडी
नाखुदा.

अक्षरशत्रू
सुपरकार्गो.

हर्णेकर
ते नंतर बघू. घारापुरीकर, कंपनीबद्दल उत्तर द्या आधी.