‘सभासदत्व फुकट ठेवा, खर्च कंपन्या देतील’: या सल्ल्याला उत्तर

ताळेबंद
कालचा धागा वाचला आणि राहवलं नाही. अटलांटात कृष्णवर्णीय व्यावसायिकांचं नवं नेटवर्क सुरू करायचं तर काय करावं, यावर धागाकर्त्यांचा सल्ला: सभासदत्व फुकट, खर्च प्रायोजकांचा, आणि ब्रॉन्झ-सिल्व्हर-गोल्ड पातळ्या करून सत्तावीस फायदे छापा. तिन्ही चूक.

हार्वर्डच्या प्रवेशांत वंशाचा विचार करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली, तो निकाल जून 2023 चा. तेव्हापासून एका वंशाच्या लोकांसाठीच्या असल्या चेकवर सही करण्याआधी कंपन्या वकिलाला विचारतात. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प सरकारने अशा विविधता-कार्यक्रमांविरुद्ध काढलेल्या आदेशांनंतर तर बऱ्याच जणींनी हातच आखडला. म्हणून हिशेब असा मांडायचा: एकही प्रायोजक आला नाही तरी एक पूर्णवेळ माणूस आणि सॉफ्टवेअर, एवढं वर्गणीतून निघालंच पाहिजे. वार्षिक अधिवेशन खुशाल प्रायोजकांवर करा, ते एखाद्या वर्षी लहान करता येतं. पगार लहान करता येत नाही.

आणि सत्तावीस फायदे कशाला? जिमची सवलत, हॉटेलची सवलत, भाड्याच्या गाडीची सवलत… यासाठी कोणी वर्गणी भरत नाही. तीन पुरेत. एक, आठ-आठ जणांचे बंद गट: सगळे एकाच टप्प्यावरचे, समजा नुकतेच मॅनेजर झालेले, महिन्यातून एकदा दीड तास, सहा महिने. दोन, सभासदांनी नाव न देता भरलेला पगाराचा तक्ता: पद, शहर, अनुभव. ज्या रकान्यात पाचपेक्षा कमी नोंदी, तो दाखवायचाच नाही, नाहीतर माणूस ओळखू येतो. तीन, वरिष्ठांशी ओळख, पण दोघांनी आधी हो म्हटल्यावरच. नाहीतर वरच्या माणसाचा इनबॉक्स रेझ्युम्यांनी भरतो आणि तो पुढच्या वर्षी गायब.

किंमत ठरवण्याआधी पंधरा जणांशी बोला. ‘सभासद व्हाल का?’ असं विचारू नका, तोंडदेखलं सगळेच हो म्हणतात. ‘गेल्या वर्षी करिअरसाठी स्वतःच्या खिशातून कशावर पैसे घातलेत?’ हे विचारा.

फुकटचा_फौजदार
धागा माझाच होता, धन्यवाद. लिंक्डइन फुकट असताना, समजा, वर्षाला 120 डॉलर कोण मोजणार? आपल्याकडचं बघा. महाराष्ट्र मंडळाची वर्गणी म्हणजे दिवाळीच्या तिकिटावरची सूट. कार्यक्रम झाला की मंडळ कुठे आणि सभासद कुठे. घ्यायचेच असतील तर महिन्याला 10 घ्या, टोचत नाही.

ताळेबंद
मंडळाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. तिकिटावरची सूट हाच फायदा असला की माणूस सभासदत्वाची किंमत वर्षातून एकदाच मोजतो, तीही बटाटेवड्याच्या रांगेत उभा राहून.

महिन्याच्या 10 चं गणित करा. कार्डाचा नेहमीचा दर 2.9 टक्के अधिक 30 सेंट. दहा डॉलरवर 59 सेंट गेले, वर्षाचे 7.08. एकरकमी 120 वर 3.78. शिवाय दरमहा कार्ड चालवलं की वर्षातून बारा वेळा ते नाकारलं जाण्याची संधी. मुदत संपली, कार्ड हरवलं, बँकेने बदललं, आणि सभासद न सांगता गळला. महिन्याचा पर्याय द्यायचाच तर 12 ठेवा आणि वर्षाचे 120.

ओव्हल_स्टेशन
किंमत राहू द्या, आधी दारावरची पाटी बघा. इथे इंग्लंडात 2010 च्या समानता कायद्यात पंचवीस किंवा जास्त सभासद आणि प्रवेशाचे नियम असले की ती ‘असोसिएशन’. एकाच गटापुरती संस्था चालते, पण रंगावरून प्रवेश नाकारता येत नाही. राष्ट्रीयत्व, वांशिक मूळ चालेल, रंग नाही. ‘फक्त ब्लॅक सभासद’ असं घटनेत लिहिलंत की पहिल्या दिवशीच अडकलात.

फुकटचा_फौजदार
घ्या! म्हणजे ज्यांच्यासाठी काढलं त्यांचं नावच घ्यायचं नाही?

कलम_कसाई
नाव घ्या, अट घालू नका. एवढाही फरक कळत नसेल तर सल्ले देऊ नयेत. अटलांटात तर दुप्पट जपायला हवं. तिथल्याच फिअरलेस फंड या गुंतवणूक संस्थेची कृष्णवर्णीय महिला उद्योजकांसाठी 20,000 डॉलरच्या अनुदानाची स्पर्धा जून 2024 मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने रोखली, आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद झाली. आधार कोणता? करारात वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणारं कलम 1981. ते येतं 1866 च्या कायद्यातून, जो गुलामगिरीतून सुटलेल्यांना करार करता यावेत म्हणून झाला. वर्गणी घेऊन सभासद करणं हाही करारच. म्हणून उद्देशात लिहायचं ‘कृष्णवर्णीय व्यावसायिकांची प्रगती’ आणि अर्जात ‘हा उद्देश मान्य असणाऱ्या कोणालाही खुलं’.

फुकटचा_फौजदार
आवाज खाली ठेवा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या शाखा कृष्णवर्णीय डॉक्टरांना दारात उभं करत नव्हत्या म्हणून 1895 मध्ये नॅशनल मेडिकल असोसिएशन निघाली. एएमएने माफी मागायला 2008 उजाडलं. आणि आता त्यांनीच दार सताड उघडं ठेवायचं? 2023 च्या ग्रेस हॉपर या संगणक क्षेत्रातल्या महिलांच्या संमेलनात काय झालं? बायकांसाठीचा नोकरी मेळावा, रांगेत पुरुषांची झुंबड.

ओव्हल_स्टेशन
ते दार उघडं होतं म्हणून नाही, आत नोकरी मेळावा होता म्हणून. वर ताळेबंद यांनी सांगितलेल्या आठ जणांच्या गटात बसायला फुकटे येत नाहीत. फायदाच चाळणी होतो.

पिंपरी_एमआयडीसी
डिक्कीचा, म्हणजे दलित उद्योजकांच्या चेंबरचा, विषय कोणी काढत नाही म्हणून मीच काढतो. 2005, पुणे, मिलिंद कांबळे. तिथे माणूस येतो तो गिऱ्हाईक मिळेल म्हणून. भारताच्या 2012 च्या सरकारी खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी 4 टक्के खरेदी राखून आहे, ती मिळवायला टेंडर, कागदपत्रं, खरेदी अधिकारी कळायला लागतात. नेटवर्क म्हणजे चहा-समोसा नव्हे. अटलांटावाल्यांनी आपलं गिऱ्हाईक आधी ठरवावं: नोकरदार की धंदेवाले? दोघांना एकाच वर्गणीत बसवलं की दोघंही नाराज.

कलम_कसाई
हे मात्र सोळा आणे. नोकरदाराला बढती हवी असते, धंदेवाल्याला ऑर्डर.

ताळेबंद
मूळ विषयावर येऊ का, परवानगी असेल तर? कंपनीला सभासदत्वाच्या दहा जागा एकदम विकणं सोपं वाटतं. पण अर्जात ऑफिसचा ईमेल घेतलात की नोकरी कपातीच्या दिवशी पत्ता बंद आणि माणूस हरवला, नेमका त्याला नेटवर्कची गरज लागते तेव्हा. खासगी ईमेल सक्तीचा ठेवा आणि जागा त्या माणसाच्या नावावर. कंपनीने पैसे थांबवले तर उरलेलं वर्ष त्याचंच.

प्रायोजकाचा लोगो छापणं ठीक. ‘अमुक बँकेतच खातं उघडा, व्याज सर्वांत जास्त’ असं छापलंत की ती जाहिरात, आणि ना-नफा संस्थेलाही त्यावर कर लागू शकतो.

फुकटचा_फौजदार
बरं बाबा, वर्गणी घ्या. पण विद्यार्थ्यांना फुकट, ते सोडणार नाही.

ताळेबंद
फुकट नको, 15 डॉलर. आणि पदवीनंतर दोन वर्षं 60. पंधरावरून थेट एकशेवीसवर उडी मारायला लावलीत की पहिल्या पगाराआधीच गळती.

फुकटचा_फौजदार
दहा.

ताळेबंद
दहावर कार्डाचे किती जातात ते वर लिहिलंय.

फुकटचा_फौजदार
ते महिन्याच्या हिशेबात. वर्षाला दहा म्हणतोय मी.

ताळेबंद
बरं, दहा. बटाटेवडा वेगळा.