बिनव्याजी की निर्व्याज? शायलॉकच्या तोंडी कुठला शब्द?

प्रश्न : सोलापुरात आमच्या गॅदरिंगसाठी शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला, अँटोनिओ सावकार शायलॉककडून कर्ज घेतो तो सीन मराठीत केलाय. शायलॉकच्या तोंडी मी 'हे पैसे निर्व्याज देतो' असं लिहिलं, म्हणजे व्याज न लावता. तर अँटोनिओ करणारं पोरगं म्हणतंय, ओ सर, इथं बिनव्याजी पाहिजे की. दोन्ही एकच ना?

उत्तर : नाही ओ, पोरगं बरोबर आहे. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. शाळेत व्याजस्तुती अलंकार केला असेल बघा, वरून स्तुती आतून निंदा, नाहीतर उलटं. म्हणून निर्व्याज प्रेम म्हणजे निष्कपट प्रेम, बँकेतल्या व्याजाचा तिथं काही संबंध नाही. बिनव्याजी हा मात्र निव्वळ पैशाचा शब्द.

पण तुमची चूक भारीच जागी पडलीय. तीन हजार डकॅट (तिथली सोन्याची नाणी), तीन महिने मुदत, व्याज शून्य, फक्त 'गंमत म्हणून' एक अट, पैसे चुकले तर अँटोनिओच्या अंगातलं पौंडभर मांस. म्हणजे कर्ज बिनव्याजी आहे यात वादच नाही, ते निर्व्याज आहे का यावर मात्र अख्खा शायलॉक उभा आहे. हा सापडला की जुना दावा वसूल करतो असं तो आधीच स्वतःशी बोलतो, ते धरलं तर सरळ डाव. पण ज्याच्यावर अँटोनिओ थुंकलाय, ज्याला कुत्रा म्हणालाय, आणि पैसे मागायला आल्यावरही पुन्हा थुंकेन म्हणतोय, तो माणूस मैत्रीची भाषा करतो तेव्हा ती सगळीच खोटी असेल असं मला वाटत नाही. पुढं शायलॉकची पोरगी त्याचा पैसाअडका घेऊन पळून जाते आणि मग ती गंमत गंमत राहत नाही. 1623 च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या मोठ्या संग्रहात, हे नाटक कॉमेडीत छापलंय, तरी पात्रपरिचयात खलनायक नका लिहू, नुसतं सावकार लिहा. (आणि मर्चंट म्हणजे अँटोनिओ बरं का, शायलॉक नव्हे, पोस्टरवर हमखास घोळ होतो.)

प्रश्नकर्ता : थँक्यू सर. काल तालमीत बिनव्याजी करून बघितलं. शायलॉकनं वाक्य टाकलं आणि मागं बसलेला एक यंत्रमागवाल्याचा पोरगा खुर्चीतनंच ओरडला, "बिनव्याजी कोण देतंय बे, सही करू नको!" आता तेच ठेवतोय.