मोपेडचा दम कुठं जातो? विदर्भातल्या गावांतले अनुभव

आर्वी तालुका, वर्धा (धागा सुरू करताना)

सोयाबीन निघालं, कापूस वेचणीला आला. या दिवसांत मोपेडला फुरसत नसते. पुढच्या पाटीवर युरियाचं ४५ किलोचं पोतं, मागं फवारणीचा पंप, हँडलला जेवणाचा डबा. गाडी साफ बंद पडली तर सरळ गॅरेजला नेता येते. पण इंजिन चालू आहे, आवाजही येतो, आणि चढ आला की गाडी ओढत नाही, अशा वेळी माणूस गोंधळतो. कोणी म्हणतो प्लग बदला, कोणी म्हणतो बोअर (सिलेंडरची आतली भिंत) गेला. खर्चाचं काम आधी आणि फुकटचं शेवटी, हा उलटा क्रम मला फार खटकतो. म्हणून तुमचे अनुभव हवेत. लिहिताना दम केव्हा सुटला ते नक्की सांगा: गाडी थंड असताना की तापल्यावर, रिकामी असताना की भरलेली, हळूहळू की एकदम. निम्मं निदान तिथंच होतं.

सुरुवात माझ्या जुन्या टू-स्ट्रोक टीव्हीएस एक्सएल मोपेडपासून. घरून निघताना झकास चालायची. दोन-तीन किलोमीटर गेलं की पिकअप तुटायचा, भकभक करून मरायची. जरा थांबलं की पुन्हा पहिल्यासारखी. एकदा अशीच मेली तेव्हा टाकीचं झाकण फिरवलं, तर आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं, ते धूळ आणि तेलकट मळानं बुजलं होतं. पेट्रोल जेवढं खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. उभ्या गाडीत थोडी हवा झिरपते, म्हणून ती परत चालते. झाकण सैल ठेवून तेवढंच अंतर चालवून बघितलं, गाडी मेली नाही. सुईनं छिद्र मोकळं केलं, काम झालं.

दारव्हा तालुका, यवतमाळ

माझीही टू-स्ट्रोकच, पण दम हळूहळू गेला. पावसाळ्यात जो चढ दोन पोती घेऊन चढायची, तो उन्हाळ्यात एकट्या माणसाला घेऊन चढेना. सुरू व्हायला त्रास नाही, आवाज मात्र कोंडल्यासारखा. सायलेन्सरच्या जोडातून काळं तेल ओघळलेलं. सायलेन्सर खोलला, मागची जाळीची नळी ओढून काढली. भोकं दिसतच नव्हती, डांबरासारखा थर बसला होता. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, त्याचाच हा कार्बन. जळलेला धूर बाहेर पडला नाही तर ताजा चार्ज, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, आत येणार कुठून?

नळी वायर ब्रशनं घासली. खरं काम पुढंच होतं. सिलेंडरला जिथून धूर बाहेर पडतो ते तोंडसुद्धा निम्मं बुजलेलं. पिस्टन पूर्ण खाली आणून, तुरीच्या काडीला टोक करून तिथला कार्बन खरवडला. पेचकस घालू नका, पिस्टनला आणि बोअरला ओरखडा पडतो. मग चिंधीनं पुसून, आत एकही कपची राहू न देता सायलेन्सर नव्या गॅस्केटसह बसवला.

आमच्या भागात अजून एक समज पक्का आहे: ऑइल जास्त टाकलं की इंजिन जास्त टिकतं. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत लिटरला २० मिली लिहिलंय. त्याच्या दुप्पट ओतणारे मी रोज बघतो. त्यातून कार्बन तेवढा वाढतो, इंजिनचं आयुष्य वाढत नाही. कमी टाकणंही तितकंच वाईट, पिस्टन जॅम होतो.

आमगावकडून, गोंदिया

राईस मिलमध्ये कामाला आहे. गाडी दिवसभर कोंड्याच्या धुळीत उभी. पेट्रोल जास्त खायची, फुल अॅक्सिलरेटर दिला की गुदमरायची, अर्ध्यावर ठीक. एअर फिल्टर काढला तर स्पंज धुळीनं गच्च भरलेला. रॉकेलऐवजी साबणाच्या कोमट पाण्यात धुतला, सावलीत वाळवला, दोन थेंब ऑइल चोळून बसवला. आता हंगामात दर आठवड्याला हेच करतो. काही जण फिल्टर काढूनच टाकतात, गाडी हलकी पळते म्हणून. त्यांनी तसं करू नये, ही कळकळीची विनंती.

दर्यापूर भागातून

बाप्पा, आपला अनुभव लहानसाच हाय. सोयाबीन सोंगाच्या टायमाले पानी आलं, तशीच पांदणीनं गाडी आनली. डांबरी रस्त्यावर आली तरी पयेना. पोरगं म्हने इंजिन गेलं. मी गाडी ष्टँडवर लावली अन् मांगचं चाक हातानं फिरवून पायलं, तं चाक हलेच ना. मडगार्ड अन् टायरच्या मंधात कायी माती ठासून भरलेली, वरून वायलेली. इळ्याच्या टोकानं खरडून काढली. मांगच्या ब्रेकच्या लिव्हरातबी मातीच, ब्रेक दाबला का वापस येत नोता. धुतलं, ग्रीस लावलं, रॉडाले थोडा ढिल्ला सोडला. गाडी पयल्यावानी. इंजिनले कोनी हातबी नाही लावला.

वणी भागातला मिस्तरी

वरच्या भाऊंनी जे केलं तेच पहिलं पाऊल. इंजिन ताकद बनवतच नाही, की बनवलेली ताकद चाकापर्यंत पोचत नाही, हे आधी वेगळं करा. स्टँडवर मागचं चाक हातानं फिरवा. घासत असेल तर ब्रेक, चेन, बेअरिंग बघा. चाक मोकळं आहे, अॅक्सिलरेटर दिल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी त्या मानानं सरकत नाही, वर जळका वास येतो, तर क्लच शू घासलेत. मोपेडचा क्लच वेगानं फिरल्यावर बाहेर फेकला जाऊन पकडतो. शूचं अस्तर संपलं की भरल्या गाडीवर तो आधी घसरतो, रिकामी गाडी बरेच दिवस बरी चालते.

हे दोन्ही नसेल तर प्लग काढा. विटकरी-तपकिरी रंग म्हणजे ठीक. काळा आणि कोरडा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. काळा आणि ओला म्हणजे ऑइल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढरा पडलेला दिसला की मी सगळं सोडून त्याच्यामागे लागतो, कारण पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि इंजिन भाजतंय. अशी गाडी पुढं पिस्टन खाते.

एक गाडी सांगतो. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावरून रोज येणारी. प्लग पांढरा, दम नाही, आणि एक खूण: अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नव्हतं, ओरडतच राहायचं. आधीच्या ठिकाणी कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) खोलून त्यातला जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र, साफ करून झाला होता, फरक शून्य. मी कार्बोरेटर आणि सिलेंडरमधल्या रबराच्या जोडावर चालू इंजिनात ऑइलचे थेंब सोडले. आवाज बदलला नाही, म्हणजे तिथून हवा ओढत नव्हती. (यासाठी पेट्रोल शिंपडणारे लोक आहेत. गरम इंजिनवर ते कधीच करू नका.) मग मॅग्नेटचं कव्हर आणि फ्लायव्हील काढलं. मागं क्रँकचा (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचा) ऑइल सील कडक होऊन ओठ फाटलेला, भोवती तेलकट ओल. टू-स्ट्रोकचा क्रँककेस हवाबंदच लागतो, पेट्रोल आधी तिथंच ओढलं जातं. सील फाटला की बाहेरची हवा आत शिरते. सीलची किंमत किरकोळ, बसवायला निम्मा दिवस. प्लग पुन्हा तपकिरी झाला.

धारणी तालुका, अंगणवाडी सेविका

माझ्याकडे चार-स्ट्रोक एक्सएल १०० आहे, कार्बोरेटरवाली. आमच्याकडे पंप लांब, म्हणून दोन पाड्यांच्या मध्ये लागेल तसं दुकानातल्या बाटलीतलं पेट्रोल घ्यावं लागतं. पावसाच्या झडीत गाडी सुरू व्हायची, पण घाटाला लागली की धक्के द्यायची. माझ्या भावानं कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सैल करून पेट्रोल सलाइनच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत उतरवलं आणि खिडकीत ठेवलं. थोड्या वेळानं तळाला वेगळा, जरा ढगाळ थर दिसला. बाटली तिरपी केली की तो थर वरच्या पेट्रोलखाली सरकायचा, त्यात मिसळायचा नाही. टाकीसुद्धा रिकामी केली, तोच प्रकार. ताजं पेट्रोल भरलं आणि धक्के थांबले. आता बाटलीतलं घ्यावंच लागलं तर आधी उजेडात धरून तळ बघते.

वणीचा मिस्तरी

ताई, हे आता जास्त होणार. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी धरून ठेवतं. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होतं आणि तळाला बसतं. टू-स्ट्रोकवाल्यांना धोका अधिक, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि इंजिनला खालचा बिनऑइलचा थर मिळतो. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, ओलावा धरायला जागा कमी उरते.

मेहकर तालुका, बुलडाणा

थोडक्यात. उन्हाळाभर लग्नांसाठी नागपूरला होतो, गाडी ओसरीत उभी. परत आल्यावर सुरू झाली की लगेच मरायची. सायलेन्सरच्या मागच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. तारेनं कोरून काढलं.

चिमूर तालुका, चंद्रपूर

चार-स्ट्रोकवाल्यांनी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे तुकडे आणि त्यांची बारीक फट, विसरू नये. माझी सकाळी थंड असताना सुरू व्हायला नखरे करायची आणि दमही कमी. टॅपेट टाइट झाले होते. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि टॅपेटचा आवाज येत नसल्यामुळे गाडी उलट छान वाटते. थंड इंजिनवर फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) पुस्तिकेप्रमाणे सेट करून घेतले. २०२० नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाडीत कार्बोरेटर शोधत बसू नका. आधी मीटरवर इंजिनचा दिवा पेटतो का आणि बॅटरी दमदार आहे का ते बघा.

लाखनी तालुका, भंडारा

मला बोअर काम सांगितलंय. गाडी जुनी घेतलेली, टू-स्ट्रोक, घेतली तेव्हाच एअर फिल्टर नव्हता. झाकण, सायलेन्सर, ब्रेक सगळं बघून झालं. खर्च करावा का?

वणीचा मिस्तरी

प्लग काढून भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, पेडल दोन-चारदा फिरवा, प्लग लावून पुन्हा पेडल मारून बघा. पायाला आधीपेक्षा स्पष्ट जड लागलं तर रिंगा आणि बोअर गेलेत, ऑइलनं ती फट तात्पुरती भरली. काहीच फरक नाही तर हेड गॅस्केट बघा, बोअरला हात लावू देऊ नका.

लाखनी तालुका, भंडारा

केलं. आधी पेडल नुसतं भरकन फिरायचं, ऑइल टाकल्यावर पाय अडला. सिलेंडर खोलल्यावर उभे ओरखडे नखाला लागत होते. बोअर करून पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या, नवा फिल्टर आधी बसवला. सध्या पोतं घेत नाही, एकटाच चालवतो, अर्ध्या अॅक्सिलरेटरच्या वर जात नाही. काल सानगडीचा चढ न थांबता चढली.